मांडवाच्या लाकडाचे माप

बागेत मांडव घालताना खांब किती जाड घ्यावेत, वासे किती उंचीचे घ्यावेत आणि वरच्या रिपांमध्ये किती फट ठेवावी, हे सहसा सुतार ठरवतो. ज्यू परंपरेत मात्र याच मोजमापांवर धर्मशास्त्र्यांनी जवळजवळ दोन हजार वर्षे वाद घातले आहेत. तिश्री महिन्याच्या 15 तारखेला, म्हणजे साधारण सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरात, मांडवांचा सण सुरू होतो. हिब्रूत त्याला सुक्कोथ म्हणतात. सात दिवस घर सोडून ‘सुक्का’ नावाच्या मांडवात राहायचे, तिथेच जेवायचे आणि निजायचे, अशी आज्ञा बायबलमधल्या लेवीयच्या 23व्या अध्यायात आहे. मिसर देशातून बाहेर पडल्यावर इस्राएल लोक मांडवांत राहिले होते, हे पुढच्या पिढ्यांना कळावे, असे कारणही तिथेच दिलेले आहे.

मांडव कसा असावा, याबद्दल मूळ ग्रंथ जवळजवळ गप्प आहे. नहेम्याच्या 8व्या अध्यायात लोक डोंगरावर जाऊन जैतून, मर्टल, खजूर आणि दाट पानांची झाडे यांच्या फांद्या आणतात, एवढाच तपशील मिळतो. लांबी, रुंदी, जाडी यांचा उल्लेख नाही. ती मापे इसवी सन 200च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या धर्मनियमांच्या संहितेत येतात. तिच्यातला ‘सुक्का’ हा संपूर्ण प्रबंध या सणावर आहे आणि त्याची सुरुवातच उंचीच्या मापाने होते. बाबिलोनच्या तालमुदात पुढे त्यावर पानेच्या पाने चर्चा झाली. त्या चर्चेत सुतारकाम भरपूर आहे, पण तिच्या मुळाशी एक तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे: निवारा तात्पुरता कशाने ठरतो? लाकडाने, मापाने, बांधण्याच्या कृतीने, की आत बसलेल्या माणसाच्या मनाने?

मापे अशी. मांडव वीस हातांपेक्षा उंच नसावा आणि दहा मुठींपेक्षा ठेंगणा नसावा. त्याला किमान तीन भिंती असाव्यात. तिसरी अपुरी असली तरी चालते. आतली जागा सात मुठी लांब आणि सात मुठी रुंद तरी असावी, म्हणजे माणसाचे डोके, धडाचा बराचसा भाग आणि एक लहानसे मेज आत मावते. छपराखाली उन्हापेक्षा सावली जास्त पडली पाहिजे. मूठ म्हणजे चार बोटांची रुंदी आणि सहा मुठींचा एक हात. आजच्या हिशेबात मुठीची दोन मापे प्रचलित आहेत. रब्बी अव्राहम हाईम नाए यांच्या गणितानुसार ती 8 सेंटिमीटर भरते, तर हझोन ईश या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रब्बी कारेलित्स यांच्या मते सुमारे 9.6 सेंटिमीटर. त्यामुळे कमाल उंची साडेनऊ ते साडेअकरा मीटरच्या दरम्यान येते आणि किमान उंची 80 ते 96 सेंटिमीटर. खालची मर्यादा समजायला सोपी आहे, कारण ज्यात नीट बसताही येत नाही त्याला राहणे म्हणता येत नाही. खरा विचार वरच्या मर्यादेभोवती झाला.

वीसच हात का, याची तीन उत्तरे तालमुदाने शेजारी शेजारी नोंदवली आहेत. रब्बा म्हणतात की आज्ञेचा हेतू आठवण हा आहे. छप्पर त्याहून वर गेले की नजर तिथवर जात नाही आणि आपण मांडवात बसलो आहोत हे माणसाच्या लक्षातच येत नाही. रब्बी झेरा सावलीवरून विचार करतात. भिंती फार उंच झाल्या की खाली पडणारी सावली भिंतींची असते, छपराची नसते. आणि यशयाच्या 4थ्या अध्यायात मांडव सावलीसाठी असल्याचे म्हटले आहे. तिसरे उत्तर रावा यांचे. त्यांच्या मते आज्ञेचा अर्थ असा की सात दिवस पक्के घर सोडावे आणि कच्च्या निवाऱ्यात राहावे. वीस हातांपर्यंतचा मांडव तात्पुरत्या बांधणीने उभा राहू शकतो. त्यापलीकडे गेले की जाड खांब, पाया आणि पक्की जोडणी लागते.

तिन्हींत रावा यांचे उत्तर सर्वांत खोल जाते, कारण ते लाकडाच्या अंगभूत स्वभावावर उभे आहे. उंची आणि गाळा वाढत गेले की लाकडाची जाडी वाढवावीच लागते, हा कोणत्याही सुताराचा अनुभव आहे. म्हणजे उंचीवर घातलेले बंधन हे प्रत्यक्षात जाडीवर, जोडणीवर आणि बांधणाऱ्याच्या महत्त्वाकांक्षेवर घातलेले बंधन ठरते. अब्बाये यांनी त्यावर लगेच आक्षेप घेतला: एखाद्याने लोखंडाच्या भिंती उभारल्या आणि वर फांद्यांचे छप्पर घातले, तर तो मांडव बाद समजायचा का? रावा यांचे उत्तर असे की जी उंची तात्पुरत्या बांधणीला पेलते, त्या उंचीत कोणी पक्की बांधणी केली तरी मांडव चालतो. ज्या उंचीला पक्की बांधणीच लागते, तिथे कोणी कच्ची बांधणी केली तरी तो चालत नाही. थोडक्यात, अमुक मांडव किती काळ टिकेल हे शास्त्र पाहत नाही. त्या आकारमानाचा मांडव तात्पुरता असू शकतो का, एवढेच पाहते. मोजपट्टीने तपासता येईल अशी ही व्याख्या आहे आणि म्हणूनच ती पिढ्यानपिढ्या वापरता आली.

वीस हातांची मर्यादा सर्वांना मान्य होती असे मात्र नाही. रब्बी यहूदा यांना त्याहून उंच मांडवही चालत असे. त्यांनी लोद गावी मांडव घातलेल्या हेलेना राणीचा दाखला दिला. तिचा मांडव वीस हातांहून उंच होता, वडीलधारे पंडित तिथे जात-येत आणि कोणी काही बोलले नाही. विरोधकांनी म्हटले, ती स्त्री. तिला ही आज्ञा लागूच नाही. यहूदांनी उत्तर दिले की तिला सात मुलगे होते आणि ती पंडितांच्या सांगण्याबाहेर कधी वागत नसे.

भिंतींबाबत शास्त्र उदार आहे. लाकूड, दगड, कापड, लोखंड, काहीही चालते. नेहमीच्या वाऱ्याला टिकले म्हणजे झाले. सगळी कडक बंधने छपरावर आहेत. छपराच्या आच्छादनाला ‘स्खाख’ म्हणतात. ते जमिनीतून उगवलेले असावे, जमिनीपासून तोडलेले असावे आणि भांडे किंवा अवजार म्हणून घडवलेले नसावे. त्यामुळे बागेतल्या मांडवावर चढवलेला जिवंत द्राक्षवेल, भोपळ्याचा वेल किंवा आयव्ही कितीही दाट सावली देत असला तरी तो स्खाख होत नाही. वेल कापला की तोच चालू शकतो. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 16व्या अध्यायात हा सण खळे आणि द्राक्षकुंड यांच्या सुगीनंतर सांगितला आहे. त्यावरून पंडितांनी अनुमान काढले की छप्पर सुगीतून उरलेल्या काडीकचऱ्याचे असावे. कोठारे भरलेली असताना डोक्यावर मात्र धान्य नव्हे, त्याचा पेंढा असतो.

लाकडाच्या मापाचा नेमका वाद फळ्यांवरून पेटला. मिश्नेत रब्बी यहूदा फळ्यांचे छप्पर चालेल म्हणतात, तर रब्बी मेईर नाही म्हणतात. कोणत्या रुंदीच्या फळ्यांवरून ही फारकत झाली, यावर तालमुदातले दोन आचार्य भांडतात. राव यांच्या मते वाद चार मुठी रुंद फळ्यांचा आहे, त्याहून अरुंद फळ्या दोघांनाही मान्य आहेत. शमुएल यांच्या मते वाद अरुंद फळ्यांचाच आहे, चार मुठींच्या फळ्या दोघांनाही अमान्य आहेत. तीन मुठींखालची पट्टी मात्र काडीसारखीच, तिच्याबद्दल वाद नाही. मेईर यांच्या भीतीचे कारण स्पष्ट आहे. त्या काळी घरांची छपरे अशाच फळ्यांची असत. मांडवात तशाच फळ्या डोक्यावर आल्या, तर माणूस म्हणेल की हे आणि घरचे छत यांत फरक काय, मग घरातच बसावे. ही भीती पोकळ नाही. माणूस जे रोज पाहतो ते त्याला दिसेनासे होते, आणि घरासारखे दिसणारे छप्पर घरासारखेच विसरले जाते. चार मुठी म्हणजे 32 ते 38 सेंटिमीटर. सुताराच्या दृष्टीने ती केवळ रुंद फळी आहे. मेईर यांच्या दृष्टीने तिथे मांडव संपतो आणि घर सुरू होते.

याच ठिकाणी एक बारीक प्रश्न निघाला. चार मुठींची फळी आडवी न टाकता कडेवर उभी ठेवली तर? तिची कड जेमतेम दोन-तीन बोटांची, त्यामुळे वरून झाकली जाणारी जागा काडीएवढीच. सुतारकामात वासा असाच उभा लावतात. 5 बाय 15 सेंटिमीटरचे लाकूड कडेवर उभे केले की आडव्यापेक्षा नऊपट ताठ राहते, कारण वाकण्याचा प्रतिकार उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. राव हिसदा आणि रब्बा बर राव हुना यांनी अशी उभी फळी चालेल असे मानले, तर राव हुना यांनी ती बाद ठरवली. पुढे राव नहमान सूरा गावी आले तेव्हा हिसदा आणि रब्बा बर राव हुना यांनी त्यांना हाच प्रश्न विचारला. नहमान म्हणाले, बाद. ती फळी आता लोखंडी सळयांसारखी झाली. लोखंडी सळई कितीही बारीक असली तरी स्खाख होत नाही, तशी चार मुठींची फळी कशीही फिरवली तरी तिचे फळीपण जात नाही. सोळाव्या शतकात योसेफ कारो यांनी ‘शुल्हान आरुख’ या संहितेत हेच मत कायम केले. चार मुठींहून अरुंद फळ्या, अगदी रंधा मारलेल्या असल्या तरी, मुळात चालतात असेही त्यांनी लिहिले. पण फळ्यांचे छप्पर मुळीच न घालण्याची रूढी आहे, हेही सोबत नोंदवले. इथे रावा यांच्या मोजपट्टीच्या शेजारी दुसरी कसोटी उभी राहते. लाकूड किती जागा व्यापते याइतकेच ते कशाचे लाकूड म्हणून ओळखले जाते, हेही पाहावे लागते.

तिसरी कसोटी कृतीची. समजा, घराला कडीपाट आहे, पण त्यावर माती-चुन्याचा थर अजून बसलेला नाही. अशा छताखाली सण पाळता येईल का? रब्बी यहूदांच्या सांगण्यानुसार शम्मायच्या शाळेचे मत असे की फळ्यांचे खिळे ढिले करावेत आणि शिवाय दोन फळ्यांमधली एक काढावी. हिलेलच्या शाळेच्या मते दोहोंपैकी एकच पुरे. खिळे ढिले केल्याने फळीच्या रुंदीत, सावलीत किंवा दिसण्यात काहीच बदलत नाही. बदलतो तो एकच संबंध. आधी ते तयार छत होते, आता ते सणासाठी कोणीतरी केलेले छप्पर झाले. मांडव ‘करावा’, आयता मिळालेला वापरू नये, असा नियम अनुवादाच्या पुस्तकातून काढलेला आहे आणि तो अनेक ठिकाणी लागू होतो. वर सांगितलेला द्राक्षवेल कापला तरी पुढे फांद्या हलवून ठेवायला सांगतात, ते याचमुळे.

तरीही ‘करणे’ म्हणजे पवित्र हेतूने करणे असे मात्र शास्त्र धरत नाही, आणि हे विशेष आहे. मेंढपाळांची खोप, शेताच्या राखणदाराचा माळा, परधर्मीयाने घातलेला मांडव, अगदी गुरांसाठीचा आडोसादेखील, छप्पर नियमात बसत असेल आणि ते सावलीसाठी केलेले असेल, तर तालमूद मान्य करतो. हेतू सावलीचा हवा, धर्माचा असलाच पाहिजे असे नाही. जुन्या मांडवाला सणासाठी काहीतरी थोडे नवे जोडावे, एवढीच पुढच्या शास्त्रकारांची अपेक्षा आहे.

सावली किती असावी, याचा हिशेबही बारकाईने केलेला आहे. लाकूड आणि फट सारखीच असतील तर मांडव चालतो की नाही, याबद्दल दोन विधाने परस्परविरोधी दिसत होती. तालमुदाने निवाडा असा केला की एक विधान वरच्या मापाचे आहे आणि दुसरे खालच्या. वर फट आणि लाकूड सारखे असेल तर खाली ऊन जास्त पसरते, कारण वर लहान नाण्याएवढे दिसणारे भोक जमिनीवर मोठ्या नाण्याएवढा कवडसा टाकते. राव पापा यांनी त्यासाठी लोकांच्या तोंडी असलेली म्हणच पुढे केली. सूर्य बिंदू नसून त्याला आकार आहे, म्हणून कवडशाच्या कडा पसरतात, हे आजचे स्पष्टीकरण; निरीक्षण मात्र तेव्हाचेच अचूक होते. म्हणून मांडव जितका उंच, तितकी रिपांमधली फट कमी ठेवावी लागते.

दाटपणालाही वरची हद्द आहे का? मिश्ना म्हणते की घराच्या छपरासारखे दाट आच्छादन असले आणि आतून तारे दिसले नाहीत तरी मांडव चालतो. तरी मोठे तारे दिसावेत इतपत विरळपणा ठेवण्याची रूढी पडली. बाराव्या शतकातले फ्रान्सचे रब्बेनू ताम यांनी पुढे जाऊन म्हटले की पाऊस आत येऊ शकत नसेल इतके दाट छप्पर बादच. म्हणजे छप्पर सावली देणारे हवे, पण पाऊस अडवणारे नको. बांधकामाच्या कोणत्याही दुसऱ्या शास्त्रात छताने गळलेच पाहिजे अशी अट सापडणे अवघड आहे.

वाऱ्याचा नियम मात्र उलट दिशेचा. मांडव नेहमीच्या वाऱ्यात उभा राहिलाच पाहिजे. फडफडणारी भिंत ही भिंतच नव्हे. रब्बान गमलिएल आणि रब्बी अकिवा एकदा जहाजातून प्रवास करत होते. अकिवा यांनी जहाजावरच मांडव घातला आणि दुसऱ्या दिवशी वाऱ्याने तो उडवून नेला. तुझा मांडव कुठे आहे, असे गमलिएल यांनी विचारले. जमिनीवरच्या नेहमीच्या वाऱ्याला टिकला, पण समुद्रावरच्या नेहमीच्या वाऱ्याला टिकला नाही, तर तो मांडव खरा की नाही, यावरच दोघांचे मतभेद होते. गमलिएल यांना तो अमान्य, अकिवांना मान्य. कायदा अकिवांच्या बाजूने लागला. जमिनीचा वारा हे सगळ्यांचे समान माप ठरले.

आता मूळ प्रश्नाकडे. छप्पर विरळ हवे आणि सावलीही पुरेशी हवी. लाकूड बारीक हवे आणि वाऱ्यालाही टिकायला हवे. हा दुहेरीपणा कशासाठी? तालमुदातला एक वाद इथे उपयोगी पडतो. वाळवंटात इस्राएल लोक कोणत्या मांडवांत राहिले होते? रब्बी एलिएझर म्हणतात, देवाच्या तेजाच्या ढगांच्या छायेत. रब्बी अकिवा म्हणतात, खऱ्याखुऱ्या मांडवांत. पहिल्या मतानुसार मांडव ही संरक्षणाची खूण आहे, तर दुसऱ्यानुसार उघडेपणाची. शास्त्राने घातलेली दोन टोकांची मापे या दोन्ही अर्थांना जागा देतात. उन्हापेक्षा सावली जास्त असलीच पाहिजे, ही खालची मर्यादा ढगांची बाजू राखते. चार मुठींची फळी नको आणि पाऊस अडेल इतका दाटपणा नको, ही वरची मर्यादा अकिवांची बाजू राखते. मधल्या पट्ट्यात बसलेल्या माणसाला आपल्याला सांभाळले जात आहे हेही कळते आणि आपण उघड्यावर आहोत हेही. यांपैकी एकच भावना शिल्लक राहिली तर सणाचा निम्मा अर्थ गेला.

उघडेपणाच्या बाजूला तत्त्वज्ञांनी पूर्वीपासून वजन दिले आहे. पहिल्या शतकातला अलेक्झांड्रियाचा फायलो आणि बाराव्या शतकातला मैमोनिदेस, दोघेही सांगतात की सुखाच्या काळात कष्टाचे दिवस आठवावेत म्हणून हा सण आहे. राशबाम या नावाने ओळखले जाणारे भाष्यकार वेळेवर बोट ठेवतात: धान्य, तेल आणि द्राक्षरस घरात आलेला असतो तेव्हाच, हे सगळे माझ्याच हाताच्या बळावर मिळाले, असे माणसाला वाटते. नेमक्या त्या आठवड्यात त्याला भरलेल्या घरातून बाहेर काढले जाते.

हे स्पष्टीकरण पटणारे आहे, पण त्यातून मांडव म्हणजे तपश्चर्या असा अर्थ काढणे चूक ठरेल. ज्याला मांडवात त्रास होतो त्याला तिथे राहण्याची सक्ती नाही, असे तालमूद स्पष्ट म्हणतो. पावसाने ताटातली पेज बिघडू लागली की उठून घरात जावे, असे मिश्ना सांगते. मांडव सजवावा, चांगली भांडी आणि अंथरुणे तिथे न्यावीत, कारण त्या सात दिवसांत मांडव हे मुख्य घर आणि घर हे तात्पुरते, असे नातेच उलटे करायचे असते. कष्ट हा हेतू असता तर लाकडाच्या मापावर इतका वेळ घालवण्याचे कारण नव्हते. कोणतेही वाईट छप्पर पुरले असते. इथे चांगले छप्पर हवे आहे, फक्त ते पक्के नको.

आजच्या बागेतल्या मांडवाला हे सगळे सरळ लागू पडते. इस्राएलमध्ये घरापुढे लाकडी पर्गोला असणे नेहमीचेच, आणि त्याखाली सण साजरा करता येईल का, हा प्रश्न दर वर्षी येतो. त्याच्या रिपा साधारण पाच ते दहा सेंटिमीटरच्या, म्हणजे चार मुठींच्या फार आत असतात. त्यामुळे रुंदीची अडचण नसते. अडचण असते ती त्या वर्षभरासाठी पक्क्या ठोकलेल्या असतात याची. व्यवहारात अंतर मोजून उत्तर दिले जाते. रिपांपेक्षा फटी जास्त असतील, तर वर नव्या फांद्या किंवा वेताच्या चटया घालून मांडव पुरा होतो, कारण सावलीचा मोठा वाटा नव्या आच्छादनाचा असतो. फटी कमी असतील तर मिश्नेतल्या कडीपाटाचा उपाय आठवावा लागतो: काही रिपा काढायच्या. सांगाडा लोखंडी असेल, तर वरच्या फांद्या थेट त्यावर न टेकवता मध्ये लाकडी पट्ट्या ठेवण्याचा प्रघात आहे, म्हणजे आच्छादनाचा आधारही लाकडाचाच राहतो.

कोकणातल्या आणि मुंबईतल्या बेने इस्राएल समाजाला हे छप्पर अनोळखी वाटण्याचे कारण नाही. नारळाच्या झावळ्या जमिनीतून उगवलेल्या, तोडलेल्या आणि भांडे किंवा अवजार म्हणून न घडवलेल्या आहेत, तिन्ही अटी पुऱ्या होतात. विणलेल्या झापांबाबत मिश्नेतला चटईचा नियम लागतो. निजण्यासाठी विणलेली चटई ही वस्तू झाली, म्हणून ती बाद. छपरासाठी विणलेली असेल तर मान्य. झाप शाकारण्यासाठीच विणतात, त्यामुळे तो या कसोटीला उतरतो.

सण चालू असताना मांडवाचे लाकूड दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. चुलीसाठी त्यातली एक काडीही काढायची नाही. ही मनाई फक्त छपरापुरती आहे की भिंतींनाही लागू आहे, यावर मतभेद आहेत. मैमोनिदेस दोन्हींना लागू मानतात, रब्बी आशेर फक्त छपराला. सणाचे दिवस सरले की मनाई उठते. वासे आणि रिपा पुढच्या वर्षासाठी बांधून ठेवता येतात किंवा दुसऱ्या कामाला लावता येतात. मात्र धर्मकार्याला वापरलेले लाकूड म्हणून ते पायदळी तुडवू नये, एवढे पथ्य पाळतात.